डब्यातले स्टिकर भिंतीवर कसे लावायचे (डिपॉझिट न घालवता)

माझ्याकडे बिस्किटांचा एक गोल निळा पत्र्याचा डबा आहे, ज्यात सगळ्यांच्या घरी सुई-दोरा असतो ना तसलाच, फक्त आमच्या डब्यात सुई-दोरा नाही, स्टिकर आहेत. शाळेतले बबलगमसोबत आलेले, वह्यांची नावाची लेबलं ज्यांच्यावर मी कधी नाव लिहिलंच नाही कारण लिहिलं की संपलं, कॉलेजच्या फेस्टमधले, ऑफिसात लॅपटॉपवर लावायला मिळालेले, आणि सफरचंद-किवीवरचे ते बारके गोल. मागच्या वर्षी मोजले तर चारशेच्या वर निघाले. इतकी वर्षं डबा उघडायचा, बघायचा, बंद करायचा एवढंच चाललेलं, मग म्हटलं आता भिंतीवर लावूयात. पण आम्ही पुण्यात भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचा करार, भिंतींना डिस्टेंपर, आणि घरमालक काका भिंतीतल्या प्रत्येक खिळ्याचा हिशोब ठेवणारे. त्यामुळे जे काही करायचं ते स्वस्तात आणि भिंतीला न दुखवता. दोन-तीनदा माती खाऊन जे जमलं ते लिहितेय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की स्टिकर भिंतीला चिकटवायचा नाहीये. त्याचा गोंद एकदाच कामाचा असतो, विनाइलवाला, म्हणजे प्लास्टिकचा, नशीब असेल तर दुसऱ्यांदा धरतो, कागदी तर निघताना फाटतोच. म्हणून मागचा तो गुळगुळीत कागद काढायचाच नाही, त्या कागदासकट स्टिकर कशावर तरी बसवायचा आणि ते "कशावर तरी" भिंतीला टांगायचं. उद्या घर बदललं तर अख्खा बोर्ड उचलून टेम्पोत, स्टिकर कोरेच्या कोरे.

आता भिंत बघा. कोरडं बोट भिंतीवरून जरा जोरात फिरवा. बोटाला पांढरं लागलं तर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे, त्यावर कुठलाही टेप, कितीही महागाचा, टिकणार नाही कारण टेप भिंतीला चिकटतच नाही, तो वरच्या भुकटीला चिकटतो. बोट स्वच्छ राहिलं तर प्लास्टिक पेंट असू शकतो, तिथे हलक्या वस्तूला टेपचे हुक चालतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिला बोर्ड मी डबल टेपने लावला, आठवडाभर झक्कास होता, मग जुलैत पाऊस लागला आणि रात्री तीनला धाडकन आवाज, नवरा उठून बसला की काय झालं, तर बोर्ड खाली आणि भिंतीचा तळहाताएवढा पोपडा बोर्डच्या पाठीला. तो पोपडा झाकायला मग तिथे आम्ही कॅलेंडर लावलं, ते अजून तिथेच आहे.

मग स्टिकर वेगळे करा. मी चार ढीग केले. एक, मागचा कागद असलेले. दोन, कागद हरवलेले, म्हणजे कुठल्यातरी प्लास्टिकच्या पिशवीला, पट्टीला वगैरे तात्पुरते चिकटवून ठेवलेले. तीन, फळांवरचे. चार, डबल असलेले, आणि हे डबलवाले फार कामाचे, कारण भिंतीवर हेच आधी जातात. पानिनी या इटालियन कंपनीचे फुटबॉलचे स्टिकर जमवणाऱ्यांना तर सांगायलाच नको, १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून ते अल्बम निघतायत आणि तेव्हापासून जगभरच्या पोरांकडे डबलचा गठ्ठा पडलेलाच असतो. अल्बम कपाटात राहू दे, गठ्ठा भिंतीवर.

कागद हरवलेल्यांचं आधी उरकू. त्यांना नवीन मागचा कागद द्यायचा, आणि तो फुकट मिळतो. गाड्यांच्या नंबरप्लेटी करणारे, काचेवर नावं कापून लावणारे रेडियमवाले असतात ना कोपऱ्या-कोपऱ्यावर, त्यांच्याकडे दिवसभर हाच कागद सोलून निघतो आणि पायाखाली पडलेला असतो. मी विचारलं, "दादा, हा कागद टाकणार का?" तर म्हणाला, "न्या ना ताई, आम्हाला कचराच आहे," आणि पिशवी भरून दिला, वर विचारलं की कशाला पाहिजे, मी सांगितलं, तो हसला, आणि मग गल्ल्याखालून वाघाचा एक उरलेला रेडियम काढून दिला. तर त्या कागदाची चमकदार बाजू वर ठेवून स्टिकर त्यावर अलगद ठेवायचे. किराणावाल्याकडचा बटर पेपर यासाठी वापरू नका, बरेचदा त्याला सिलिकॉन नसतं, स्टिकर कायमचा बसतो. केकच्या ट्रेत घालायचा बेकिंग पेपर चालतो, तरी आधी एका फालतू स्टिकरवर करून बघा, दोन दिवस ठेवा, सोलून बघा.

आता बोर्ड. यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं आणि हाच मला सगळ्यात आवडतो. फ्लेक्स प्रिंट करणाऱ्याच्या दुकानात जा आणि सनबोर्डचे, म्हणजे त्या हलक्या, कडक फोमच्या पांढऱ्या बोर्डचे, कटपीस मागा. किंवा त्याहून स्वस्त म्हणजे वापरून झालेले बोर्ड मागा. उद्घाटनं, एकसष्टी, वाढदिवसाच्या शुभेच्छा, एक दिवसाचं काम झालं की ते बोर्ड दुकानामागे उभे असतात, पुढे कुणा दादांचा गॉगलवाला फोटो आणि मागची बाजू पांढरीशुभ्र. मला दोन बाय तीन फुटांचा, पाच एमएमचा असा एक बोर्ड पन्नास रुपयांत मिळाला. भिंतीकडे तोंड करून आमच्या हॉलमध्ये एक नगरसेवक इच्छुक लटकतायत हे फक्त आम्हाला माहिती.

पांढऱ्यावर पांढऱ्या कडांचे स्टिकर दिसत नाहीत, म्हणून बोर्डवर कागद चढवा. काळा किंवा गडद निळा कार्डशीट पेपर अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीत मिळतो. मी जरा शौक केला आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून मातकट रंगाचा कागद आणला, तो थोडा महाग पडला पण त्याचा तो खरबरीत पोत असा आहे की त्यावर साधा सफरचंदाचा स्टिकरसुद्धा काहीतरी मौल्यवान वाटतो. कागद बोर्डपेक्षा दीड इंच मोठा कापायचा, कडा मागे दुमडून टेप मारायचा, वहीला कव्हर घालतो तसंच. जूनमध्ये कव्हरं घालायची सवय असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

मग फरशीवर मांडणी. बोर्ड आडवा ठेवा, स्टिकर नुसते ठेवून बघा, मोठे आधी, बारके नंतर मधल्या जागेत, आणि दोघांमध्ये करंगळीएवढी फट. पंखा बंद करा हो, मी विसरले आणि अर्धा तास सोफ्याखाली किवी शोधत होते. पटलं की मोबाईलवर फोटो काढा, कारण लावताना हमखास विसरायला होतं. प्रत्येक स्टिकर मागच्या कागदासकट कापायचा, त्याच्या आकाराच्या बाहेर दोन-तीन एमएम कागद ठेवून, स्टिकरच्या रेषेवर अजिबात नाही, नाहीतर कडा उचलायला लागतात आणि तिथे धूळ बसते.

लावायला अर्धा इंची डबल टेपचा नखाएवढा तुकडा पुरतो, पण इथे एक गोची आहे. मागच्या कागदाची पाठ दोन प्रकारची असते. काहींची पाठ साधी कागदी, त्यावर टेप मस्त बसतो. काहींची पाठही गुळगुळीत, त्यावर टेप बसल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांनी स्टिकर खाली घरंगळतो. साधा सेलोटेप पाठीला लावून ओढून बघा, सहज सुटला तर तो दुसरा प्रकार. अशांना मी फोटो अल्बमचे पारदर्शक कॉर्नर लावले, पाकीटच मिळतं, चारी कोपरे अडकवायचे, गोंद स्टिकरला कुठेच लागत नाही. गोल स्टिकर असेल तर आधी चौकोनी कागदावर ठेवा आणि त्या चौकोनाला कॉर्नर. पांढरा पातळ गोंद मात्र नको, कागद पाणी पितो आणि पापडासारखा फुगतो.

फळांचे स्टिकर हा माझा वीक पॉइंट आहे त्यामुळे त्यांच्यावर जरा जास्त बोलणार. त्यांवरचा आकडा कधी वाचलात का? चार आकडी कोड असतो, त्यावरून दुकानदाराला कळतं कुठलं फळ, ४०११ म्हणजे आपलं साधं पिवळं केळं, ४०३० किवी, आणि पाच आकडी असून ९ ने सुरू झाला तर ऑरगॅनिक म्हणून विकलेलं. एकदा हे कळलं की बाजारात फळं उलटीपालटी करून बघायची वाईट खोड लागते, फळवाला वैतागतो, तरी मी बघते. या स्टिकरना मागचा कागद नसतोच आणि गोंदाला फळावरचं मेण लागलेलं असतं, त्यामुळे फळ धुवायच्या आधी काढा, ओल्या सालीवरून काढला तर सुरकुततो. नखाने कोपऱ्यातून उचकटू नका, अंगठ्याने कडेपासून हळू लोटत आणा, तो गुंडाळत येतो. काढला की थेट ओएचपी शीटवर. ही पारदर्शक ए-फोर शीट झेरॉक्सवाल्याकडे सुटी मिळते, स्पायरल बाइंडिंगला वर लावतात तीच. शीटखाली चौकटीच्या वहीचं पान सरकवायचं म्हणजे ओळी सरळ येतात, दर तीन चौकटींनी एक स्टिकर. हे स्टिकर मात्र कायमचे शीटला बसतात, पण फळाचा स्टिकर असाही दुसरं काही करणार नव्हता. शीट भरली की मागे पांढरा कार्डशीट घालून ए-फोरच्या फ्रेममध्ये.

फ्रेम नवीन घ्यायची गरज नाही. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलात तर कुणाच्या तरी सर्टिफिकेटच्या, देवाच्या जुन्या फ्रेमा मिळतात, घासाघीस करा. घरातही माळ्यावर बघा, लग्नात आलेली न उघडलेली एकतरी फोटोफ्रेम निघतेच. काच लावायच्या आधी बुटांच्या खोक्यातली ती छोटी सिलिका जेलची पुडी सपाट करून मागच्या बाजूला चिकटवून टाका, पावसाळ्यात काचेला आतून घाम येत नाही तितकासा.

लॅमिनेशन करावं का, हे मला सगळे विचारतात. माझं मत, नको. पहिली गोष्ट म्हणजे एकदा केलं की झालं, स्टिकर परत सुटा होत नाही. दुसरं म्हणजे ते मशीन गरम असतं, जाड विनाइलभोवती हवा अडकून फुगे येतात, फुगीर स्टिकर तर चपटेच होतात. आणि सुपरमार्केटात भाजी मोजून जे वजनाचं लेबल लावतात तसला थर्मल कागद असेल तर विषयच संपला. माझ्याकडे एका सहलीतल्या दुकानाचं असं लेबल होतं, दोडक्याच्या जागी चुकून "डोकं ३५० ग्रॅम" छापलेलं. लॅमिनेट करून आणलं तर अख्खं काळंठिक्कर. डोकं गेलं.

ज्यांना सारखं बदलत राहायचं असतं, आज हा इथे उद्या तिथे, त्यांनी पत्रा करा. पत्र्याच्या दुकानातून जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा तुकडा कापून घ्या आणि कडा तिथेच दुमडून मागा, नाहीतर हात कापतो, आणि घरात लहान मूल असेल तर दुमडल्याशिवाय आणूच नका. जाताना फ्रिजवरचा एक मॅग्नेट खिशात न्या आणि दुकानातच लावून बघा, ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही आणि काही स्टीललाही नाही. मग मॅग्नेट शीट घ्यायची, कात्रीने कापते अशी मऊ असते, तिचा छोटा तुकडा स्टिकरच्या मागच्या कागदाला डबल टेपने लावला की झालं. पत्र्याला आधी आवडीचा स्प्रे पेंट मारला तर मस्तच, पेंट केल्याने मॅग्नेटला काही फरक पडत नाही. खर्च बोर्डपेक्षा जास्त येतो हे मान्य, पण लेकीने याच पत्र्यावर स्टिकरचं गाव वसवलंय आणि रोज सकाळी शाळेत जाताना एकाची बदली करते.

आणि अगदीच खर्च करायचा नसेल तर सुतळी आणि कपड्यांचे चिमटे. दोन खिळ्यांमध्ये सुतळी, चिमट्यात स्टिकरची अख्खी शीट. फक्त चिमटा स्टिकरवर नाही, वरच्या रिकाम्या कागदावर धरला पाहिजे, नाहीतर दाताचे ठसे उमटतात. ज्या शीट कापवतच नाहीत, म्हणजे अजून एकही स्टिकर न काढलेल्या, त्यांच्यासाठी हे बरं. कार्ड जमवणारी पोरं जी नऊ खणांची प्लास्टिकची पानं वापरतात तीही अशीच टांगता येतात, खण साधारण अडीच बाय साडेतीन इंचाचा असतो, मधल्या साइजचे स्टिकर आरामात मावतात. पान घेताना वास घ्या, हसू नका, खरंच घ्या, नवीन रेनकोटसारखा वास आला तर ते मऊ पीव्हीसी, त्यातलं रसायन कालांतराने विनाइलला आणि शाईला लागून स्टिकर प्लास्टिकला चिकटून बसतात. बिनवासाचं, जरा कडकडीत पान घ्या.

टांगायचं कशाला? माझा बोर्ड किलोभर तरी भरला, म्हणून टेप बाद. आधी घरात असलेले खिळे मोजा. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूंनी ठोकलेले खिळे असतातच, घड्याळाचा, कालनिर्णयचा, एक कुठेतरी विनाकारण. आमच्याकडे सात निघाले. बोर्डची जागा खिळ्याप्रमाणे ठरवली, उलटं नाही. नवीन ठोकायचाच तर काकांना विचारून बारीक स्टीलचा खिळा, आणि ठोकायच्या जागी आधी सेलोटेपची फुली मारा, पोपडा उडत नाही. काँक्रीटच्या कॉलमवर ठोकत बसू नका, खिळा वाकतो, तिथे ड्रिल आणि भोकात बसवायची प्लास्टिकची गिट्टीच लागते. खिळा नकोच असेल तर पडद्याच्या रॉडवरून नायलॉनची दोरी सोडा, किंवा दारावर अडकवायचे हुक मिळतात त्यावर दाराच्या आतल्या बाजूला टांगा, फक्त दार आपटलं की बोर्ड वाजतो म्हणून खाली दोन फोमचे तुकडे लावा.

बोर्डच्या मागे चारी कोपऱ्यांना पाण्याच्या बाटलीची झाकणं चिकटवा. भिंत आणि बोर्डमध्ये बोटभर जागा राहते, हवा खेळते, ओल आली तरी थेट कागदाला लागत नाही. ज्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे किंवा जिच्यावर पावसाचा मारा येतो तिच्यावर लावूच नका. आणि ऊन. खिडकीसमोर लावलेल्या स्टिकरचा लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा तेवढा राहतो, सलूनबाहेरचे हिरो-हिरॉइनचे जुने पोस्टर निळेजांभळे झालेले बघितलेत ना, तेच होतं. साधी काच फारशी वाचवत नाही. माझा बोर्ड पॅसेजमध्ये आहे, तिथे ट्यूबलाइट सोडून काही पोचत नाही.

उंचीचं म्हणाल तर म्युझियममध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर ठेवतात, उभ्या माणसाच्या नजरेला. पण आपल्याकडे दिवाणावर नाहीतर खाली बसूनच सगळं चालतं, त्यामुळे जिथून रोज बघणार तिथे बसा आणि कुणालातरी बोर्ड धरून उभं करा, वर, अजून वर, हां बास.

राहिले आधीच कशाला तरी चिकटलेले स्टिकर. लॅपटॉप किंवा बाटलीवरचा विनाइल असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा अर्धा मिनिट, एका कोपऱ्यातून सुरू करून अगदी चपटा मागे दुमडत ओढायचा, वर खेचला की ताणून वेडावाकडा होतो. निघाला की लगेच रेडियमवाल्याच्या कागदावर. वस्तूवर राहिलेल्या चिकट्याला खोबरेल तेल लावून ठेवा, दहा मिनिटांनी कापडाने पुसा, पण तेल स्टिकरला लागू देऊ नका, कागदी असेल तर भज्याच्या कागदासारखा डाग पडतो. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकजवळ आणूच नका, विरघळतं.

आईकडच्या गोदरेजच्या कपाटाच्या आतल्या दारावरचे मात्र मी काढायचा प्रयत्नही केला नाही. तिसरीत असताना लावलेत, तेव्हा त्यासाठी धपाटा खाल्लाय, सचिनचा अर्धा चेहरा तेव्हाच नखाने खरवडून झालाय. इतके जुने कागदी स्टिकर निघत नाहीत, भुगा होतो. अशांचा सरळ फोटो काढा, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद, मोबाईल कपाटाला अगदी समांतर धरून, आणि खऱ्या मापाची प्रिंट स्टिकर पेपरवर काढून बोर्डवर लावा. मला हे घाईत करावं लागलं, कारण आईने दिवाळीच्या आत कपाटाला नवीन रंग द्यायचं ठरवलंय आणि रंगारी सोमवारी येतोय.